यांना विचारायचं राहिलं

८ जानेवारी १९९५, रविवार

हट्टानं नुमाइशच्या प्रदर्शनाला नेलं यांनी. लग्न होऊन भागानगरात आल्यापासून एक वर्ष चुकलं नाही, यंदाही नको चुकायला. नामपल्लीपर्यंत बसनं. मी रिक्षा करू म्हटलं तर काहीतरी बोलले. बहुतेक "कायकू?" असावं. हल्ली यांचं बोलणं अंदाजानंच घ्यायचं.

काश्मिरी शालवाल्यापाशी घासाघीस करायला उभे राहिले. ही यांची खरी मजा. घेणार काही नाहीत, पण उर्दूत तासभर त्याच्याशी डाव खेळणार. आज दोनदा बोलले, तिसऱ्यांदा बोलले. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "अम्मा, साब क्या बोल रहे?" यांनी शाल ठेवली आणि चालायला लागले. डावा पाय ओढत.

येताना कोपऱ्यावरून गूळ घेतला. किराणेवाला हळूच म्हणाला, "भाभी, बुरा मत मानो, साब पीने लगे क्या?" यांनी ऐकलं. घरी येऊन हसत सुटले, मला नक्कल करून दाखवली. हसता हसता रडायला लागले. ते रडणं थांबेचना. आपलं आपल्यालाच कळत नव्हतं का रडतायत ते.

संकष्टीपासून अकरा आवर्तनं धरते.

१६ फेब्रुवारी, गुरुवार

रिपोर्ट आले. श्रीकांत बेंगळूरहून आलाय, कॉम्प्युटर कंपनीनं दोनच दिवस सोडलं. डॉक्टरांनी यांना बाकावर बसवून ठेवलं, आम्हा दोघांनाच आत बोलावलं. इंग्रजीत बोलत होते. श्री.नं मला मराठीत सांगितलं ते अर्धंमुर्धंच. पण हातानं दाखवत होते ते कळलं. आधी हातपाय, मग जीभ, मग गिळणं, मग छाती. डोकं शेवटपर्यंत शाबूत. नाव ए.एल.एस. औषध नाही. मी म्हटलं, मुंबईला नेऊ? डॉ. म्हणाले, "अमेरिकेतही नाही अम्मा."

श्री. म्हणाला, "आई, बाबांना सांगायचं नाही. खचून जातील." देवाशपथ नाही सांगणार म्हटलं. आमच्या घरात सांगतच नाहीत. मामंजी कॅन्सरनं गेले, ते स्वतः अल्सर समजूनच गेले. तेव्हा सगळ्यांना ताकीद देणारे हेच होते.

यांना सांगितलं, नसांची कमजोरी आहे. यांनी मान हलवली. पुढे एक प्रश्न नाही. कारखान्याच्या नकाशातली रेघ चुकली तर साहेबाला धारेवर धरणारा माणूस.

जिन्यात मागून एक नर्स धावत आली. "मराठी ऐकू आलं म्हणून आले. मी नांदेडकडची, सोनकांबळे. हे असले पेशंट मी बघते." बघते म्हणजे काय ते कळलं नाही. पत्ता मागत होती. मी जिना उतरायला लागले, श्री.नं देऊन टाकला.

२ एप्रिल, रविवार

काल पाडवा. कडुनिंबाची चटणी यांच्या जिभेला नुसती लावली. श्रीखंड मात्र गेलं, बरं गेलं.

आज सुटीचा दिवस बघून ती सोनकांबळे सिस्टर लुनावर आली. अंबरपेठला राहते. आल्या आल्या कोपरापर्यंत हात धुतले, पदर खोचला आणि यांच्या पाठीखाली हात घालून कुशीवर वळवलं. मला म्हणाली, "काकू, बगून ठेवा, उद्यापासून तुम्ही." आवाज मास्तरणीचा. वयानं माझ्या भाचीएवढी असेल.

पातळ काही द्यायचं नाही. पाणी, ताक, दूध, सगळं घट्ट करून. हनुवटी छातीला टेकवून घोट. पातळ पदार्थ वाट चुकून छातीत उतरतो म्हणाली. मी म्हटलं, तीर्थ? ती म्हणाली, "तीर्थ पण पाणीच की ओ."

चहा दिला. वेगळा ठेवलेला स्टीलचा पेला आहे, त्यात. तिनं पिऊन स्वतः विसळला, पालथा घातला. मला "असू दे" म्हणायला हवं होतं.

पैसे घेत नाही. का येते विचारलं तर म्हणाली, मागे वॉर्डात असाच एक होता, बोलणं गेलेला. सबंध पाळीभर डोळ्यांतून पाणी. आम्ही समजलो, रडतोय बिचारा. संध्याकाळी चादर बदलताना पाहिलं तर पाठीखाली मुंग्यांची रांग. "डोळ्यानं सांगत होता काकू, दिवसभर. आम्ही त्याला धीर देत होतो."

११ जून, रविवार

आता बोलणं संपलं. हात नाहीत. उजव्या पायाचा अंगठा तेवढा हलतो.

सोनकांबळे सि. नं जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर अक्षरं काढून आणलीत, ओळीओळीनं. आपण ओळीवर बोट फिरवायचं, यांनी डोळे वर केले की ती ओळ. मग त्या ओळीतलं अक्षर. काना-मात्रा आपण समजून घ्यायच्या. "हो" म्हणजे डोळे वर, "नाही" म्हणजे मिटायचे.

पहिल्यांदा मेहनत करून यांनी सांगितलं ते असं : च, ह, ख, ळ. मी मारुतीरायाचं नाव शोधतेय त्यात. सि. एकदम हसली. "काकू, चहा म्हणजे खळ झालीय म्हणतायत!" मी कॉर्नफ्लोर घालून घट्ट करते ना. हे डोळ्यांनी हसत होते. किती दिवसांनी यांचा टोमणा खाल्ला.

सगळा दिवस हलका गेला. जमाखर्चही लिहिला.

२३ जुलै, रविवार

लिहू की नको.

सि. पाठ पुसत होती, मी तक्ता धरला होता. यांनी काढलं : क, य, झ, ल. मी म्हटलं, कुठे काय, काही नाही झालं. डोळे मिटले. परत काढायला लावलं : म, ल. मला काय झालंय.

मी दूध उतू चाललंय म्हणून तक्ता घेऊनच आत गेले. दूध तापत ठेवलेलंही नव्हतं.

सि. मागोमाग आली. "तुम्ही सांगा. नाहीतर ते मला विचारतील आणि मी खोटं बोलणार नाही."

"तू कोण गं आमच्या घरात सांगणारी?" मी म्हटलं. एकेरीवर आले.

ती म्हणाली, "कोणी नाही. पण पुढं श्वासाचं मशीन येईल. गळ्याला भोक पाडायचं की नाही हे कोणाला विचारणार आहात? शेजाऱ्यांना?"

मी म्हटलं, माझ्या नवऱ्याला मरण सांगायला माझी जीभ उचलणार नाही. ती गेली. लुना दोनदा बंद पडली तिची, खिडकीतून बघत होते.

तक्ता कपाटावर ठेवलाय.

१५ ऑगस्ट, मंगळवार

येईल असं वाटलं नव्हतं, पण निरोप आला सि. चा. दवाखान्याच्या मागच्या व्हरांड्यात अशा पेशंटांच्या घरच्या लोकांना बोलावलंय, या. यांना वरच्या मजल्यावरच्या विजयक्कांवर सोपवून गेले.

पाच-सहा बायका, एक म्हातारे गृहस्थ. तेलुगू, उर्दू, सगळंच. सि. सगळ्यांना थुंकी ओढायचा पायपंप दाखवत होती. तो पंप एका सायकलवाल्या पोराकडून तिनं जुळवून आणलाय, मधेच निसटत होता, दोनदा तिच्याच साडीवर उडालं. बायका हसल्या, तीही हसली. मोठ्या साहेबांकडे तिनं अर्ज केलेला, वॉर्डात एक कोपरा, दोन खाटा, एक खरं मशीन. उत्तर आलं, बरे होणाऱ्यांनाच खाटा पुरत नाहीत.

शेजारी एक बुरख्यातली बाई. तिच्या मियांला श्वास अडकला तेव्हा धावपळीत मशीनवर घातलं. नव्या मोठ्या इस्पितळात, संगमरवर, एसी. "जिंदा हैं," म्हणाली. "आँखाँ खुले हैं. मेरेकू देखते नहीं. मुँह फेर नहीं सकते ना, तो आँखाँ फेर लेते." तिला कोणी विचारलं नव्हतं, तिनं त्यांना विचारलं नव्हतं. आता घरी आणता येत नाही आणि बंद करा म्हणता येत नाही.

बसमध्ये डोळ्यांना पदर लावून बसले. घरी आले तर हे माझ्याकडे बघतायत, कुठे गेली होतीस म्हणून. देवळात, म्हटलं.

२१ सप्टेंबर, गुरुवार

सकाळीच विजयक्का ओरडत खाली आल्या. "गणपती पालु तागुतुन्नाडु! दूध पी रहा अम्मा, सच्ची!" दिल्लीत, मुंबईत, सगळीकडे. यांच्यापाशी त्यांच्या मुलाला बसवलं आणि वाटीत दूध आणि चमचा घेऊन त्यांच्यासोबत हिमायतनगरच्या देवळात. रस्ता बंद होईल एवढी रांग. शाळांतली पोरं, बँकेचे साहेब, पोलीस सुद्धा चमचा घेऊन. माझा नंबर दुपारी लागला. सोंडेला चमचा लावला. माझ्या डोळ्यांदेखत दूध कमी होत गेलं. कमी झालं. मी पाहिलं.

आजवर एवढं केलं, उपास, आवर्तनं, नवस. आज पहिल्यांदा कोणीतरी पलीकडून घेतलं असं वाटलं.

वाटीत उरलेलं दूध पदराखाली झाकून घरी आणलं. देवाच्या तोंडचं. यांना उठतं बसवलं, हनुवटी धरली, सांगितलं सगळं. यांनी दुधाकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. म्हणजे नाही.

मी म्हटलं, "अहो, प्रसादाला नाही म्हणू नये." उघडले, परत मिटले.

तरी चमचा लावला.

२२ सप्टेंबर, शुक्रवार

दवाखाना. छातीत दूध उतरलं. ताप. ओठ काळेनिळे झालेले काल, विजयक्कांच्या मुलानं ऑटो आणली. नळीनं काढत होते, मला बाहेर काढलं.

सि. ची ड्यूटी दुसरीकडे होती, तरी आली. विचारलं, काय दिलं? सांगितलं. वाटलं, बोलेल. आत जाऊन यांची नळी बघून आली. मग एवढंच, "काकू, गणपती दगडाचा आहे हो. त्याला ठसका लागत नाही."

राग आला. अजून आहे. पण कशाचा ते कळत नाही.

दूध त्यानं घेतलं होतं. मी पाहिलं होतं.

२८ सप्टेंबर, गुरुवार

ताप उतरला. यंदा घरात घट बसला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

नाकातून नळी घातलीय, त्यातूनच जेवण. डॉ. म्हणाले, या खेपेला वाचले, पुढच्या खेपेला मशीन लागेल, घरच्यांनी ठरवून ठेवा. श्री. फोनवर म्हणाला, "ठरवायचं काय त्यात? लावायचं. कर्ज काढीन. मला बाबा हवेत." मग म्हणाला, "त्यांना यातलं काही बोलू नकोस हं आई." मागे त्याच्या ऑफिसात कोणीतरी हसत होतं.

सि. ला सांगितलं श्री. असं म्हणतो. ती म्हणाली, "बरोबर असेल तो. लावा म्हणतील कदाचित, काही जण म्हणतात. नको म्हणतील कदाचित. मला कुठं माहीत? तुम्हालाही नाही. विचारा म्हणतेय फक्त." मी विचारलं, तूच विचारशील का? मानेनं नाही म्हणाली. "आधी मी विचारणार होते. पण तुमच्याकडून ऐकायचंय त्यांना. माझ्याकडं बघतच नाहीत, मी आले की दाराकडं बघतात, तुम्ही कुठं म्हणून."

३ ऑक्टोबर, मंगळवार

दसरा. घरी आणलं. सोनं यांच्या छातीवर ठेवलं, श्वासाबरोबर पान हलत होतं. फार थोडं हलत होतं.

सि. ची बदली झाली. डोळ्यांच्या विभागात. साहेब म्हणे, इतकी हौस आहे सेवेची तर मोतीबिंदूवाल्यांची कर, ते निदान बघायला लागतात. हे तिनंच हसत सांगितलं. मग पंपाचं रबर बदलता बदलता म्हणाली, व्हरांड्यातली मंडळी आता जमत नाहीत. दोघांचे तर पेशंटच गेले, कामच उरलं नाही. नव्या इस्पितळातून तिला बोलावणं आहे, पगार तिप्पट. असे पेशंट तिथे फक्त मशीनवर ठेवायला घेतात, म्हणाली. जाऊ की नको ते बोलली नाही. मुलीच्या कॉलेजचं बोलली.

तिच्याकडे इतके दिवस टेकायची भिंत म्हणून बघत होते. ती पण थकलीय.

२९ ऑक्टोबर, रविवार

दिवाळी गेली. आकाशकंदील लावला नाही, पणत्या लावल्या.

कपाटावरून तक्ता काढला. पुसला. यांच्यासमोर धरला. यांनी डोळे मिटले. म्हटलं, काही दुखतंय का? मिटलेलेच. गादी टोचते का? मिटलेलेच. संध्याकाळी परत धरला, तेच. झोपेत नव्हते, पापण्या थरथरत होत्या.

नाही म्हणून मिटतायत की माझ्याशी बोलायचंच नाही म्हणून, ते कळायला मार्ग नाही. प्रसादाच्या दिवशी नाही म्हटलेलं मी ऐकलं नाही. आता कशाला सांगतील?

देवापुढे बसले तर ओठ हलतायत आणि काय म्हणतेय ते माझ्याच ध्यानात नाही.

१९ नोव्हेंबर, रविवार

श्री. आलाय. कमरेला पेजर लावून. यांच्या उशाशी बसून मॅचचा स्कोर सांगत होता, लहानपणी हे त्याला सांगायचे तसा. मग म्हणाला, आई, तो चार्ट दे, मी बोलतो बाबांशी.

यांनी डोळे उघडले. त्याच्यासाठी उघडले. श्री. बोट फिरवत होता आणि मधेच अडकायचा. "आई, हा भ की म?" इंग्लिश मीडियमला घालायचा हट्ट यांचाच. यांनी तीनदा वर पाहिलं, त्यानं तीनदा चुकीची ओळ धरली. मी स्वयंपाकघराच्या दारात, हातात पीठ. जावं पुढे असं वाटत होतं. श्रीकांत, दे इकडे, म्हणावं. गेले नाही. काय निघेल त्या अक्षरांतून याची भीती.

शेवटी तो म्हणाला, "ओके बाबा, आराम करा." मोरीत जाऊन नळ सोडून रडला. बाहेर आला तो कागदच घेऊन. नव्या इस्पितळात नाव नोंदवून ठेवतोय, श्वास अडला की थेट तिकडे. "सही मी करतो. तू टेन्शन घेऊ नको." त्याला वाईट कसं म्हणू. बापासाठीच करतोय.

पण यांचं काय राहिलं त्याच्या बोटाखाली?

९ डिसेंबर, शनिवार

पाठ टेकली की धाप. बसवूनच ठेवावं लागतं. काही न करता, नुसतं असताना दम लागतो. सि. ड्यूटीवरून परस्पर आली, गणवेशातच. छातीला कान लावला. म्हणाली, "काकू, आता फार दिवस थांबू नका. रक्तात कार्बन चढला की गुंगी येते. मग डोळ्यांचंही उत्तर मिळायचं नाही." जाताना यांच्या पायांना हात लावला. का ते विचारलं नाही. नव्या इस्पितळाला हो म्हणालीय ती, एक तारखेपासून. मला म्हणाली, "शिव्या द्या, पण मुलगी शिकायचीय." कसल्या शिव्या.

१० डिसेंबर, रविवार

सकाळची पूजा लवकर उरकली. तीर्थ यांच्या कपाळाला लावलं, तोंडाला नाही. दार लोटून घेतलं. समोर स्टुलावर बसले. शपथ मोडतेय म्हणून मनातल्या मनात देवाची क्षमा मागितली.

सांगितलं. आजाराचं नाव, औषध नाही हे, फेब्रुवारीपासून मला माहीत आहे हे. मामंजींना तुम्ही नाही सांगितलंत तसंच आम्ही तुम्हाला नाही सांगितलं. प्रसादाचंही बोलले. रडणार नव्हते, तरी रडले.

हे बघत होते. डोळे मिटले नाहीत. तक्ता धरला. म, ह, त. माहीत. मग डोळे वर. कधीपासून विचारलं. न, म, इ, श. नुमाइश. म्हणजे आमच्याही आधी. शालवाल्यापाशी. मी यांच्यापासून लपवत होते आणि हे माझ्यापासून. आणि मी तक्ता घेऊन आत पळाले तेव्हा हे विचारत होते ते आजाराचं नव्हतंच बहुतेक. मी तोंडानं म्हणते का ते बघत होते.

मग मशीनचं विचारलं. सगळं नीट सांगितलं, त्या बुरख्यातल्या बाईचं सुद्धा. श्री. लावा म्हणतोय तेही. म्हटलं, तुम्ही म्हणाल तसं. श्रीकांतशी मी भांडेन. हो का नाही?

डोळे वर नाही गेले. मिटलेही नाहीत. तक्त्याकडे पाहिलं. बोट फिरवलं. त. ल. मग क, य.

तुला काय.

म्हटलं, "मला काय? माझं कुठे विचारलंय? तुमचं सांगा." परत तेच काढलं. घाम फुटला होता यांना, पुसला, तरी तेच.

लग्न झाल्यापासून मला हे कोणी विचारलं नव्हतं. भाजी कोणती करू हेही मीच विचारायची. मशीनवर ठेवू म्हणावं तर ती बाई दिसते. नको म्हणावं तर या खोलीतली रिकामी खाट दिसते. यांचे डोळे हवेत मला, एवढंच आलं मनात. ते यांना सांगायचं म्हणजे यांनी त्या डोळ्यांसाठी पडून राहायचं. आणि नाही सांगायचं म्हणजे परत खोटं.

उद्या सांगते म्हटलं. यांनी डोळे वर केले, बरं म्हणून.

दुपारी पेंगले. दोनदा हाक मारली तेव्हा उठले. चारनंतर हाक मारली, उशिरा उठले. श्री.ला फोन लावायला विजयक्कांकडे जायचं आहे, पण खोली सोडवत नाही. आता जागे आहेत. माझ्याचकडे बघतायत, मी लिहितेय ते. तक्ता मांडीवर आहे माझ्या. उद्यापर्यंत कशाला, आत्ताच